बोर्डबाईंचा दुसरा आवाज

बोर्डबाईंना दोन आवाज होते. घरचा आवाज खरखरीत, खडे चाळावेत तसा, आणि सगळ्या इमारतीच्या ओळखीचा. त्यात त्यांचा फारसा दोष नव्हता. यजमानांना कमी ऐकू यायचं, त्यामुळे संसाराच्या चौतीस वर्षांत तो आवाज चढत चढत पार गच्चीला टेकला होता. चहा झालाय एवढं सांगायचं तरी शेजारचे तिघे उठून बसत.

दुसरा आवाज लाइनवरचा. एका मोठ्या इस्पितळाच्या टेलिफोन बोर्डावर त्यांनी तो एकतीस वर्षं जपला. तोंड फोनजवळ गेलं की घसा आपोआप मऊ व्हायचा. पलीकडे कुणाचा बाप अत्यवस्थ, कुणाची सून अडलेली, अशा माणसाला बाई म्हणायच्या, "लाइनवर राहा हं, घाई नाही. मी आहे." तेवढ्यानं पलीकडच्याचा श्वास खाली बसायचा. घरात हा आवाज कधी निघाला नाही. यजमान तर म्हणायचे, अगं, एकदा मलाही फोन कर, लग्न कुणाशी केलं ते तरी कळू दे.

बोर्डाचे नियम दोनच, पण कडक. थोरल्या ऑपरेटरबाईंनी ते पहिल्याच दिवशी कानात घातले होते. जोडणी लागली की कान काढायचा, पुढचं बोलणं आपलं नव्हे. आणि लाइनवर ओळख दाखवायची नाही, सख्खा भाऊ बोलला तरी "कोणाशी बोलायचंय?" एवढंच. तिसरी सवय बाईंची स्वतःची, प्रत्येक फोन रजिस्टरात टिपायची. तारीख, वेळ, नंबर. कुणी मागितलं नाही तरी टिपायच्या.

मग बोर्डाच्या जागी यंत्र आलं. अमक्यासाठी एक दाबा, तमक्यासाठी दोन दाबा. बाईंना एक भिंतीवरचं घड्याळ मिळालं आणि त्या घरी आल्या. घड्याळ बरं होतं, पण त्यात बघायचं काय? दहा वाजले तरी कुणी वाट बघत नव्हतं.

आता गंमत ऐका. घरबसल्या कामाच्या जाहिराती पारखण्यात त्या इमारतीत बाईंचा हात धरणारं कुणी नव्हतं. कुणाच्या फोनवर "रोज दोन तास काम करा, महिन्याला एवढे कमवा" असं काही आलं की तो माणूस जिना चढून बाईंकडे. बाई चष्मा लावायच्या आणि शितावरून भात ओळखायच्या. कंपनीला पत्ता नाही, काम सोपं नि पगार डोंगराएवढा, आजच्या आज नाव नोंदवा अशी घाई. आणि मुख्य म्हणजे आधी पैसे भरा. "काम करणाऱ्याला मालक पैसे देतो," त्या ठणकावायच्या, "घेतो तो मालक नव्हे, चोर." यजमानांनी एकदा उदबत्तीच्या पुड्या भरायचं यंत्र विकत घ्यायचं काढलं होतं, भरलेल्या पुड्या कंपनीच उचलणार म्हणे. बाईंनी तो कागद त्यांच्या देखत फाडला आणि पुढे आठवडाभर त्यांना पुडीवाले म्हणत राहिल्या.

अशा बाईंना जाहिरात दिसली. मधुर आवाजाच्या, अनुभवी, सेवानिवृत्त महिला पाहिजेत. घरून काम, सकाळी दहा ते एक. बाईंनी ती दुधानं तोंड पोळल्यासारखी फुंकून फुंकून पाहिली. फोन केला, तर पैसे मागितले नाहीत. उलट फोनचं यंत्र त्यांनीच पाठवलं. महिना भरला आणि पगार आला, दुसऱ्या महिन्यात एक दिवस आधीच आला. बाईंची कसोटी एकच होती, आणि तिच्यावर ही कंपनी उतरली. आणखी काय बघायचं?

काम तर पाण्याइतकं ओळखीचं. कंपनीच्या जाहिराती वाचून लोक फोन करून नुसती रिंग देऊन ठेवत. त्यांचे नंबर रोज सकाळी बाईंकडे यायचे. बाईंनी उलट फोन लावायचा, घरबसल्या छापील पानं हातानं लिहून उतरवून द्यायचं काम आहे असं सांगायचं, आणि माणूस तयार झाला की बटण दाबून "सरां"कडे जोडून द्यायचं. जोडणी लागली की बाई कान काढायच्या. कुणी सांगायची गरज नव्हती, हात आपोआप खाली जायचा. सर एकदा खूश होऊन म्हणाले होते, बाई, तुमच्यासारखी शिस्त आजकाल बघायला मिळत नाही. बाईंनी ते यजमानांना तीन वेळा ओरडून सांगितलं होतं. बाकी कुणाला मात्र नाही; ज्यांच्या कानावर गेलं त्यांना ते इस्पितळातलं जुनं कौतुक वाटलं. कंपनीनं गुप्तता पाळायला सांगितली होती, आणि बाईही शब्दाच्या पक्क्या. दहा ते एक दार लावून त्या गुडघ्याला शेक देतात, असंच इमारतीला माहीत होतं.

आठ महिने हे चाललं. सवयीनं घरीही ठेवलेल्या रजिस्टराची अर्धीअधिक पानं भरली. बाईंची तब्येतही सुधारली हो, खोटं कशाला बोला!

जिन्याखालच्या खोलीत एक शिवणवाली होती. बाहीची उसवण, पँटची उंची, पडद्याची पट्टी, असली कामं. नवरा परगावी कामाला, महिन्यातून एकदा यायचा. बाईंचं घर बरोबर तिच्या डोक्यावर, त्यामुळे तिच्या मशीनचा आवाज फरशीतून वर यायचा आणि बाईंचा आवाज फरशीतून खाली जायचा. तिनं बाईंना मावशी केलं होतं.

एका दुपारी बाई उशीची खोळ घेऊन खाली गेल्या. मशीन बंद होतं. शिवणवाली मांडीवर एक पुडकं घेऊन बसली होती. गेले कित्येक महिने ती फावल्या वेळात झबली-टोपडी शिवत होती, हे बाईंनी पाहिलं होतं. धाकट्या बहिणीच्या पहिल्या बाळासाठी. झबली इतकी नाजूक की बाईंनीही एक हातात घेऊन उलटसुलट केलं होतं. तेच पुडकं आता पोस्टातून परत आलं होतं. न फोडता.

बाईंनी विचारलं आणि ती बोलायला लागली. सहा महिन्यांपूर्वी तिनं एक जाहिरात वाचली होती. पानं उतरवायचं काम. आधी नावनोंदणीचे पैसे घेतले. तिनं रात्रंदिवस बसून पानं उतरवली, तर म्हणाले चुका फार आहेत, दंड भरा, नाहीतर कोर्टाची नोटीस येईल. ती घाबरून भरत गेली. शेवटी त्यांनी वाट दाखवली, तुमच्याखाली तीन माणसं आणा, सगळे पैसे परत, वर माणशी थोडा मोबदला. तिनं दोन गिऱ्हाइकं आणली आणि तिसरी बहीण. बहिणीच्या नवऱ्यानं बाळंतपणासाठी ठेवलेले पैसे घातले. ते बुडाले, आणि वर कंपनीनं बहिणीला एक यादी पाठवली. त्यात तिच्या नावाच्या वर थोरलीचं नाव, आणि पुढे मोबदल्याचा आकडा. तो मोबदला कधी मिळालाच नाही, पण यादीत छापलेला होता. बहीण म्हणाली, तू मला विकलंस. मुलगी झाल्यालाही चार महिने उलटले, थोरलीनं तिचं तोंड पाहिलेलं नाही.

"माझंच चुकलं, मावशी," शिवणवाली म्हणाली. "मला शंका आली होती. पहिला फोन एका बाईंचा आला. काय गोड बोलणं! मी विचारलंसुद्धा, मॅडम, फसवणूक नाही ना? तर म्हणाल्या, मी स्वतः इथेच काम करते, पगार वेळेवर मिळतो. मग म्हणाल्या, लाइनवर राहा हं, घाई नाही. मी आहे."

बाईंच्या हातातली खोळ खाली पडली. शिवणवालीनंच ती उचलून, झटकून घेतली आणि पट्टी कुठे हवी ते विचारलं. त्या बाईला देव कधी सुखानं झोपू देणार नाही, असंही जाता जाता म्हणाली.

बाई वर आल्या, रजिस्टर काढलं. सहा महिन्यांमागची तारीख, अकरा वीस, आणि पुढे शिवणवालीचा नंबर. टिपलेला होता, स्वच्छ अक्षरात. पण बाईंना रजिस्टराची गरज नव्हती. त्यांना आठवत होतं. त्या दिवशी पलीकडचा आवाज त्यांनी ओळखला होता! एकतीस वर्षांचा कान तो, घरातलं माणूस ओळखणार नाही? मनात म्हणाल्या होत्या, बरं झालं, पोरीला चार पैसे मिळतील, आणि कुणी मिळवून दिले ते तिला कधी कळणार नाही. ह्या गुपिताची त्यांना उगीच मजाही वाटली होती. नियम म्हणून ओळख दाखवली नाही. जोडून दिलं आणि कान काढला.

खोटं एक अक्षर बोलल्या नव्हत्या. काम खरंच करत होत्या, पगार खरंच वेळेवर मिळत होता. आता कळत होतं की त्या सबंध कंपनीत खरी नोकरी एकच होती आणि ती त्यांची. तो पगार कुणाच्या खिशातून येत होता, हे विचारायचं त्यांना सुचलं नव्हतं. दुसऱ्यांना शहाणपण शिकवायला मात्र पुढे.

त्यांनी सरांना फोन लावला. सर चिडले नाहीत. जोडून द्यायचं तुमचं काम, पुढचं आमचं, तुम्हीच तर म्हणाला होतात, असं शांतपणे म्हणाले. आणि शेवटी हसून: "बाई, तुमचा आवाज आहे म्हणून तर आमचं दुकान आहे." दुसऱ्या दिवशी तो नंबर बंद झाला.

तीन दिवस बाई मूग गिळून बसल्या. इमारत शांत झाली, लोक विचारायला लागले, बाईंना बरं नाही का? खालून मशीनचा आवाज आला की त्या खिडकी लावून घ्यायच्या आणि नाही आला की फरशीकडे कान द्यायच्या. मनातल्या मनात त्या वकिली करत होत्या. मला काय ठाऊक? मीही फसलेच की. सांगून तिचे पैसे परत येणार आहेत का? उलट तिला एक मावशी उरलीय, तीही जायची. प्रत्येक मुद्दा बरोबर होता आणि एकानंही घास उतरत नव्हता. तिसऱ्या दिवशी शिवणवाली स्वतः वर आली, खोळ देऊन गेली, पैसे घेतले नाहीत. काठाला तिनं आपणहून दुहेरी टीप मारली होती. बाईंनी ती खोळ कपाटात अगदी मागे ढकलली.

यजमानांपासून किती दिवस लपणार? पण त्यांना सांगायचं म्हणजे ओरडून सांगायचं, आणि ओरडलं की फरशीतून खाली. तेव्हा बाईंनी रजिस्टराच्या मागच्या पानावर सगळं लिहिलं आणि त्यांच्यापुढे सरकवलं. लिहिताना शेवटी एक म्हण उतरली, कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ. यजमानांनी दोनदा वाचलं. मग चष्मा काढून, बहिरी माणसं बोलतात तसे दणदणीत आवाजात म्हणाले, "मग तिला सांगित..."

बाईंनी त्यांच्या तोंडावर हात ठेवला. खाली मशीन चालूच होतं. यजमानांनी तो हात बाजूला केला आणि, संसारात पहिल्यांदाच असेल, हळू बोलले.

"मी बहिरा आहे. तू नाहीस."

पुढे म्हणाले की उद्या सकाळी दोघं मिळून हे रजिस्टर पोलिसांत नेऊन देऊ, मी येतो बरोबर. पण आधी खाली जाऊन ये. पुडीवाले म्हणून त्यांना इतकं चिडवलं, एक शब्द त्यांनी उलटा बोलून दाखवला नाही. तेच बाईंना जास्त लागलं.

बाई रजिस्टर घेऊन खाली गेल्या. शिवणवाली पडद्याला पट्टी घालत होती. मान वर न करता म्हणाली, या मावशी, बसा, काकांना बरंय ना? बाईंनी तोंड उघडलं, पण घरचा आवाज फुटेना. तीन वेळा घसा खाकरला. मग डोळे मिटले आणि जो आवाज आला तो बोलू दिला.

"लाइनवर राहा हं, घाई नाही. मी आहे."

पायडलवरचा पाय थांबला. मशीनचं चाक आपल्या वेगानं दोन फेरे फिरलं आणि तेही थांबलं. शिवणवालीनं पडदा सुईखालून काढला, दोरा कापला, कात्री जागेवर ठेवली. बराच वेळ ती बाईंच्या तोंडाकडे बघत राहिली, हा आवाज इथून आला कसा ते शोधत असल्यासारखी.

"तुम्ही ओळखलं होतंत मला?" तिनं विचारलं.

नाही म्हणता आलं असतं. लाइनवर रोज पन्नास आवाज, कोण लक्षात ठेवतं? तिनंही मानलं असतं. बाईंच्या जिभेवर ते आलंही होतं.

"हो," त्या म्हणाल्या.

"मग?"

बाई नियम सांगायला लागल्या. लाइनवर ओळख दाखवायची नाही, अशी आमची शिस्त, इथपर्यंत आल्या, आणि ते वाक्य त्यांच्याच कानाला इतकं लाजिरवाणं वाटलं की पुढे सरकेना. शिवणवाली ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं आपला फोन उचलला, एक नंबर काढला आणि बाईंच्या हातात दिला.

"माझी बहीण. मी लावला तर उचलत नाही, तुमच्या फोनवरून लावा. आणि ह्याच आवाजात सांगा."

बहिणीचा नंबरही रजिस्टरात होताच. तीही ह्याच आवाजानं जोडली गेली होती. बाईंनी आपल्या फोनवरून लावला आणि म्हणाल्या, मी तीच बाई बोलतेय, जिनं तुम्हाला सरांकडे जोडून दिलं होतं. तुमच्या ताईलाही मीच जोडून दिलं. तिनं मला विचारलं होतं, फसवणूक नाही ना, आणि मी तिला भरवसा दिला. ती आणि मी एकाच इमारतीत राहतो. तिनं तुम्हाला विकलं नाही. तिला मी विकलं.

मग पलीकडून सुरू झालं. पहिल्यांदा थंडपणे, मग जोरात, मग जे तोंडाला येईल ते. नवऱ्यानं किती सुनावलं, उसने पैसे कुणाकुणाकडे मागावे लागले, इस्पितळात एकटी होते तेव्हा ताईच्या नावानं काय काय बोलले. बाईंचा हात सवयीनं दोनदा खाली यायला लागला. दोन्ही वेळा त्यांनी तो परत कानाशी नेला. एकतीस वर्षं आणि आठ महिने ज्याच्यापासून कान काढला, ते आज त्या पहिल्यांदा ऐकत होत्या. एकीचं, फक्त एकीचं. समोर उघड्या रजिस्टरात अशी जोडून दिलेली माणसं चारशेच्या वर होती.

शेवटी पलीकडे दम संपला. मागे बाळ कुरकुरत होतं. मग बहीण म्हणाली, फोन तिला द्या.

बाईंनी फोन दिला आणि जायला उठल्या, कारण दोघींचं बोलणं आपलं नव्हे. शिवणवालीनं त्यांचं मनगट पकडलं, खाली बसवलं, आणि फोन सगळ्यांना ऐकू येईल असा मशीनवर ठेवला.

बाळाची कुरकूर आता सगळ्या खोलीत ऐकू येत होती. मग धाकटी म्हणाली, पुडकं परत केलं ते नवऱ्यानं नाही, मीच. थोरली म्हणाली, माहितीय, पत्ता तुझ्या अक्षरात होता. "आता ती झबली होणारही नाहीत हिला," धाकटी म्हणाली. "अंगानं भरलीय."

"मोठी करून देते. माप सांग."

पलीकडे काहीतरी धडपड झाली, टेप शोधला असावा. शिवणवालीनं इकडेतिकडे बघितलं. हाताशी कागद नव्हता. तिनं कानामागची पेन्सिल काढून बाईंपुढे धरली. बाईंकडे न बघता म्हणाली, "लिहा."

बाईंनी रजिस्टराचं कोरं पान काढलं. तारीख घातली, वेळ घातली. छाती. उंची. बाही. धाकटी एकेक आकडा सांगत होती आणि बाई टिपत होत्या, अगदी स्वच्छ अक्षरात. गळ्याचं माप सांगता सांगता धाकटीला रडू फुटलं, मग थोरलीला. कुणी कुणाला माफ केलं असं काही बोललं गेलं नाही. बाईंना तर नाहीच.

जाताना बाईंनी सांगितलं, उद्या सकाळी हे रजिस्टर पोलिसांत देतोय. शिवणवाली एवढंच म्हणाली, की माझ्याखाली आणलेली दोन गिऱ्हाइकं अजून सांगायची राहिलीत, उद्या पोलिसांतून आलात की दहा वाजता या. बाई हो म्हणाल्या, घरच्या आवाजात, पण इतक्या हळू की तिला पुन्हा विचारावं लागलं.